वाचलेला वेळ कुणाच्या पदरात?

नवे यंत्र आले की पहिला नारळ त्याच्यासमोर फुटतो. हार यंत्राला, हळदकुंकू यंत्राला आणि पेढ्यांचा पुडा साहेबांच्या टेबलावर. उद्यापासून ज्याला त्या यंत्रापाशी आठ नाहीतर बारा तास उभे राहायचे आहे, तो माणूस या समारंभात बहुधा मागच्या रांगेत टाळ्या वाजवायला असतो. यंत्र किती वेगाने चालेल, किती माल काढील, किती पैसे वाचवील, याचे आकडे त्या दिवशी भाषणातून सांगितले जातात. मागच्या रांगेतल्या माणसाची पाठ, त्याचे डोळे, त्याची झोप यांचा उल्लेख कुठल्याही भाषणात येत नाही. तो यावा, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रज्ञानातले हिला काय कळते, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर त्यात वावगे काही नाही. पण मी इचलकरंजीची आहे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आमच्या गावात पहिला यंत्रमाग बसवला, आणि तेव्हापासून या गावाचे सुखदुःख मागाच्या खडखडाटाशी बांधले गेले. माझे वडील मागावर बारा तासांची पाळी करतात. आईने लग्नानंतर कितीतरी वर्षे कांड्या भरल्या. आमच्या घरात सगळेच जरा मोठ्याने बोलतात. पाहुण्यांना वाटते भांडण चालले आहे. कारण एवढेच, की वडिलांच्या कानांनी मागापुढे केव्हाच हात टेकले आहेत. तेव्हा यंत्र आणि माणूस यांच्या नात्याबद्दल दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला घरातूनच मिळाला आहे, असे मी समजते.

आजकाल ‘नवोपक्रम’ हा शब्द फार ऐकू येतो. परिसंवाद त्यावर, भित्तिपत्रके त्यावर, परीक्षेतले दहा गुणांचे प्रश्नही त्यावरच. नव्या पद्धतीने काम केले की उत्पादन वाढते, खर्च घटतो, देश पुढे जातो, असे आपण उत्तरात लिहितो आणि गुण मिळवतो. ते खोटेही नाही. पण त्या उत्तरात एक ओळ राहून जाते. काम करणाऱ्याचे स्वास्थ्य वाढते की घटते? स्वास्थ्य म्हणजे केवळ आजार नसणे नव्हे. संध्याकाळी घरी परतल्यावर मुलाशी दोन शब्द बोलण्याइतके त्राण उरणे, रात्री झोप लागणे, उद्या कामावर ठेवतील की नाही ही धास्ती नसणे आणि आपल्या कामात आपल्याला काही किंमत आहे असे वाटणे, हे सारे त्यात येते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कोणत्याही सुधारणेने वेळ आणि श्रम वाचतात. तो वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो, यावर काम करणाऱ्याचे स्वास्थ्य अवलंबून असते. आणि तो कुणाच्या पदरात पडेल, हे बहुतेक वेळा एका साध्या गोष्टीवरून ठरते : ती सुधारणा आणताना, जिच्या किंवा ज्याच्या हातांनी ती चालणार आहे, त्याला विचारले होते की नाही.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकते, की मी यंत्रांच्या विरोधात नाही. जात्यावरच्या ओव्यांचे आपण वर्गात खूप कौतुक करतो, आणि त्या कौतुकाला पात्रही आहेत. पण पहाटे तीनला उठून पायली पायली दळणाऱ्या माझ्या पणजीला कुणी विचारले असते, की ओव्या हव्यात की पिठाची गिरणी, तर तिने दळणाचा डबा उचलून गिरणीचा रस्ता धरला असता. जाते थांबले याचे दुःख बहुधा त्यांनाच होते, ज्यांनी ते कधी ओढले नाही. बाईच्या खांद्यावरचा तो भार यंत्राने उतरवला, हे यंत्राचे उपकारच आहेत. मात्र पुढचा भागही सांगायला हवा. वाचलेल्या त्या पहाटेच्या वेळात आमच्या गावातल्या बायका विश्रांती घेऊ लागल्या का? त्या कांड्या भरायला जाऊ लागल्या. वेळ वाचला खरा, पण तो दुसऱ्याच कामाने उचलून नेला.

आता गावच्या वेशीबाहेर पडून मुंबईच्या गिरणगावात जाऊ. कारण मराठी माणसाचा यंत्राशी सर्वांत मोठा आणि सर्वांत दीर्घ संसार तिथे झाला. एकोणिसाव्या शतकात गिरण्यांचे काम सूर्याबरोबर चाले. उजाडले की भोंगा, मावळले की सुट्टी. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम मोठे, हिवाळ्यात थोडे कमी. ही काही सुखाची स्थिती नव्हती. रविवारची सुट्टीसुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना एकत्र करून त्यासाठी प्रयत्न केले आणि १८९० साली ती मिळवली. पण निदान एक मर्यादा निसर्गाने घालून दिली होती. अंधार पडला की सूत दिसत नाही, आणि सूत दिसत नाही म्हणून माग थांबतो.

मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, १९०५ च्या सुमारास, मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. विजेच्या दिव्याहून सुंदर नवी वस्तू कोणती असणार? धूर नाही, स्वच्छ प्रकाश, आगीचे भय कमी. त्या दिव्याने कामगारांचे डोळे वाचवता आले असते. प्रत्यक्षात त्याने दिवस लांबवला. बाजारात मागणी होती, दिवा होता, मग माग थांबवायचा कशाला? काम तेरा-चौदा तासांवर आणि काही ठिकाणी त्याहूनही पुढे गेले. कामगारांनी याविरुद्ध आवाज उठवला, चौकशी समित्या बसल्या, आणि अखेर १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. दिवा एका रात्रीत लागला होता. त्या दिव्याने लांबवलेला दिवस आखडायला सहा वर्षे लागली.

याच गिरण्यांतली दुसरी एक वस्तू पाहा : धोटा. साळखात्यात विणकराला धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचे सूत धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागे. त्यासाठी भोकाला ओठ लावून श्वासाने सूत ओढून घेत. पूस आणि धूळ छातीत जाई. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागत, त्यामुळे एकाचा रोग दुसऱ्याला होण्याचे भय. हाताने सूत ओवता येईल असे धोटे जगात तयार झाले होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यावर १९११ मध्येच बंदी घातली. पण जिथून हा धंदा जगभर गेला, त्या लँकेशायरमध्ये अशी बंदी यायला १९५२ साल उजाडले. मालकाच्या तासांत भर घालणारी सुधारणा एका हंगामात येते आणि कामगाराच्या छातीला जपणारी सुधारणा अर्धे शतक दाराबाहेर ताटकळते, हा फरक विचार करण्याजोगा नाही काय?

या धोट्याची आपल्याकडची कथा आणखी कडू आहे. सूत तोंडाने ओढावे लागते आणि धोटा उष्टा होतो, हे कारण पुढे करून दलित कामगारांना चांगल्या मजुरीच्या साळखात्यापासून दूर ठेवले गेले. त्यांच्या वाट्याला कमी मजुरीची खाती आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न जाहीरपणे मांडला. एका लहानशा भोकातून जातिभेद कारखान्यात शिरला होता. हाताने ओवायचा धोटा ही त्यावेळी यंत्राची सुधारणा तर ठरली असतीच, पण भेदभावाचे एक निमित्तही तिने काढून घेतले असते. तेव्हा कुठली सुधारणा आधी आणायची आणि कुठली मागे ठेवायची, हा निर्णय केवळ तंत्राचा नसतो. तो माणसांविषयीचा निर्णय असतो.

१९२८ च्या त्या संपाचे मुख्य कारणही नव्या पद्धतीतच होते. काही गिरण्यांनी ‘कार्यक्षमता’ या नावाखाली दोन साचे चालवणाऱ्या विणकराला तीन साचे आणि त्रासन खात्यात एक बाजू सांभाळणाऱ्याला दोन बाजू देण्यास सुरुवात केली. कागदावर हिशेब चोख होता. तेवढ्याच माणसांत अधिक काम, किंवा तेवढेच काम कमी माणसांत. पण तिसऱ्या साच्याबरोबर तिसऱ्या भागाइतकी मजुरी वाढत नव्हती, आणि शेजारच्या साच्यावरचा भाऊबंद बेकार होऊन गावी जाणार हे दिसत होते. एप्रिल ते ऑक्टोबर असे सुमारे सहा महिने दीड लाखांच्या आसपास कामगार बाहेर राहिले. त्यांना नवे काही शिकायचेच नव्हते, असा त्यांच्यावर आरोप होत असे. पण कोकणातल्या शेतातून आलेला ज्याचा बाप यंत्र शिकला, त्याला तिसरा साचा शिकणे अवघड का जावे? प्रश्न शिकण्याचा नव्हता. तिसऱ्या साच्याचे पैसे कुणाचे आणि थकवा कुणाचा, हा होता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की ही सारी एकाच बाजूची रडकथा झाली. म्हणून आता दुसरे उदाहरण देते. तेही कापडाच्याच धंद्यातले आणि शेजारच्या अहमदाबादेतले. १९५२ साली तिथल्या कॅलिको गिरणीत नवे स्वयंचलित माग बसले. यंत्र उत्तम, पण उत्पादन आणि कापडाचा दर्जा अपेक्षेइतका वाढेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राईस तिथे आले. त्यांनी यंत्राकडे पाहिलेच, पण त्याहून अधिक यंत्राभोवतीच्या माणसांकडे पाहिले. २२४ मागांच्या त्या खात्यात कामाचे बारा तुकडे पाडलेले होते. विणणारा वेगळा, कांड्या पुरवणारा वेगळा, तुटलेले ताण सांधणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. प्रत्येकाच्या वाट्याचे माग निरनिराळे. त्यामुळे कुणाचे कुणाशी नाते नाही. धागा तुटला तर दोष कुणाचा हे कळायचे नाही, आणि चांगले कापड निघाले तर शाबासकी कुणाची हेही कळायचे नाही.

राईस यांनी सुचवले, की ठरावीक माग एका लहान गटाकडे सोपवावेत आणि त्या मागांवरची सगळी कामे त्या गटाने आपसात वाटून घ्यावीत. विशेष म्हणजे ही कल्पना कानावर येताच कामगारांनी स्वतःच पुढाकार घेतला आणि कोण कुणाबरोबर काम करणार याचे गट बांधले. यंत्र तेच, माणसे तीच, छप्पर तेच. तरी कापडाचे नुकसान घटले आणि उत्पादन वाढले. माणसाला आपले काम आपले वाटू लागले की यंत्रही त्याचे ऐकते, असेच म्हणावे लागेल.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. एरिक मिलर यांनी १९७० साली तिथे पुन्हा पाहणी केली, तेव्हा मूळच्या ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी गटाची पद्धत बरीचशी टिकून होती. इतर ठिकाणी बाजाराच्या आणि मालाच्या ताणाखाली ती विस्कटली होती. पुढे ती गिरणीच बंद पडली. यावरून मी एवढाच बोध घेते, की कामगाराला विचारणे हा एकदा उरकायचा संस्कार नाही. बारशाला विचारले आणि नंतर विसरले, असे करून भागत नाही.

पांढरपेशा नोकरीत तरी निराळे काय घडले? बँकांत संगणक येणार म्हटल्यावर कर्मचारी संघटनांनी विरोध केला, आणि त्याची आजही थट्टा होते. ‘हे लोक संगणक अडवायला निघाले होते’ असे सांगून आपण हसतो. पण जे झाले ते नीट पाहावे. १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला. यंत्रे कुठे आणायची, किती आणायची, कुठल्या अटींवर आणायची, हे समोरासमोर बसून ठरले. पुढच्या टप्प्यांचे करारही असेच वाटाघाटींतून झाले. आमच्या शेजारी एका बँकेतून निवृत्त झालेले काका राहतात. ते सांगतात, “पूर्वी सहामाहीला व्याज काढायचं म्हणजे रात्रीच्या रात्री खातेवह्यांवर जायच्या. चार पैशांचा मेळ बसेना म्हणून घरी बाळंतीण असताना मी पहाटे दोनला परतलोय. संगणक आला आणि ते सगळं गेलं. त्याचे आभारच मानतो मी.” मग जरा थांबून म्हणतात, “पण आता माझा पुतण्या त्याच खुर्चीवर बसतो. मेळ आपोआप बसतो, आणि हा रात्री नऊपर्यंत लोकांना विमा विकत बसतो.”

काकांच्या या दोन वाक्यांत माझा सारा विषय आला आहे. करार करून आणलेल्या संगणकाने खातेवहीचे हाल संपवले. पण वाचलेली संध्याकाळ कर्मचाऱ्याची राहील, असे कुठल्याच करारात कुणी लिहून घेतले नव्हते. शिवाय पुढे २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडली. मागे राहिलेल्यांची कामे आणि उद्दिष्टे वाढत गेली. म्हणजे संघटनांनी दाराशी नीट विचारपूस केली, पण घरात आलेल्या पाहुण्याने पुढे काय काय मागितले, त्याचा हिशेब ठेवायचे राहून गेले.

आता अगदी अलीकडचे उदाहरण, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या गावातले आहे. अंगणवाडी सेविका. तिला सरकार पगार देत नाही, मानधन देते. मुलांची वजने, गरोदर मातांची नोंद, पोषण आहाराचे वाटप, लसीकरणाची आठवण अशी कामे करून शिवाय अकरा नोंदवह्या भरायच्या. या वह्यांचे ओझे कमी व्हावे म्हणून मोबाईल द्यायचा, ही कल्पना कुणालाही पटेल अशीच होती. मोबाईल दिले गेले. मार्च २०२१ मध्ये केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ठिकठिकाणी मोर्चे काढून हे मोबाईल सरकारला परत केले. फोन हलक्या प्रतीचे आणि कमी स्मृतीचे असल्याने ॲप नीट चालत नव्हते, ते तापत, बंद पडत; दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांवर पडे; आणि ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागे. ज्या बाईने वीस-वीस वर्षे मराठीत चोख नोंदी ठेवल्या, तिला एका सकाळी निरक्षरासारखे वाटू लागले. तिच्या मुलाने किंवा सुनेने शेजारी बसून माहिती भरून द्यायची, आणि नाही भरली तर मानधन कापले जाण्याची भीती.

यात मोबाईलचा दोष नाही. दोष एवढाच, की ज्या हातांसाठी तो बनवला त्या हातांना तो बनवण्याआधी कुणी भेटले नाही. दहा सेविकांबरोबर एक आठवडा बसले असते तर भाषेचा प्रश्न पहिल्याच तासाला समजला असता. आपल्याकडे शिंपीसुद्धा माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही.

माझा थोरला भाऊ मागावर गेला नाही. वडिलांचीच तशी इच्छा होती. तो पुण्याकडच्या एका मोठ्या गोदामात कामाला आहे. त्याच्या हातात एक यंत्र असते. त्याने खोक्यावरच्या पट्ट्या वाचायच्या आणि यंत्र सांगेल त्या कप्प्याकडे जायचे. कप्पा शोधण्याची दगदग त्या यंत्राने खरोखर वाचवली आहे. पण तासाला किती खोकी झाली हेही तेच यंत्र मोजते, आणि आकडा मागे पडला की वरच्या माणसाचा निरोप येतो. लघुशंकेला गेलेली पाच मिनिटे त्यात दिसतात. गेल्या दिवाळीला तो घरी आला तेव्हा वडिलांनी विचारले, “तुझ्याकडं मुकादम कसा आहे?” तो म्हणाला, “माझा मुकादम माझ्याच हातात असतोय.” वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. जुना मुकादम शिव्या द्यायचा, पण तो चहाला जायचा, त्याला झोप यायची, आणि कुणाच्या घरी मयत झाले तर त्याला ते सांगता यायचे. हातातल्या यंत्राला यातले काहीच होत नाही.

या सगळ्यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा, की कामगारांना विचारत बसलो तर चढाओढीत मागे पडू. याला अहमदाबादचे उत्तर पुरेसे आहे. तिथे यंत्र आधी आणले, माणसांचा विचार मागाहून केला, आणि त्या मधल्या काळात महागडी यंत्रे पूर्ण क्षमतेने चालली नाहीत. सेविकांचे मोबाईल परत आले, तेव्हा सरकारचा वेळ वाचला काय? विचारण्यात गेलेला महिना पुढच्या अनेक महिन्यांची धूळधाण वाचवतो.

दुसरा आक्षेप असा, की माणूस स्वभावतःच नव्याला भितो, त्याला विचारले तर तो ‘नको’च म्हणणार. मला हे पटत नाही. पिठाच्या गिरणीला कुठल्या बाईने ‘नको’ म्हटले? काकांनी संगणकाचे आभारच मानले. माझ्या वडिलांना गावात आलेले बिनधोट्याचे नवे माग आवडतात, कारण त्यांचा आवाज कानाला जरा सुसह्य आहे. त्यांची तक्रार निराळीच असते. ते म्हणतात, “आवाज कमी झाला, पण माग वाढवले. आता कानाचं दुखणं डोळ्यावर गेलं.” हा माणूस नव्याला भितो असे कोण म्हणेल? तो हिशेब मागतो आहे. हिशेब मागणाऱ्याला भित्रा ठरवणे सोयीचे असते, एवढेच.

कायद्याने याची दखल घेतलीच नाही असे नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती, की यंत्रसामग्रीत किंवा तंत्रात अशी सुधारणा करायची असेल की जिच्यामुळे कामगारकपात संभवते, तर मालकाने कामगारांना एकवीस दिवस आधी सूचना द्यावी. नंतरच्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही बदलापूर्वी सूचना देण्याचे तत्त्व कायम ठेवले आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण तिची धाव पाहा. नोकरी जाणार असेल तर सूचना. झोप जाणार असेल, मान-पाठ जाणार असेल, संध्याकाळ जाणार असेल, तर सूचना कसली? शिवाय सूचना देणे आणि विचारणे यांत अंतर आहे. घरमालक घर पाडण्याची सूचना देतो, तेव्हा तो भाडेकरूचे मत विचारत नसतो.

संध्याकाळच्या प्रश्नावर जगात हालचाल सुरू झाली आहे. कामाची वेळ संपल्यावर कार्यालयाच्या निरोपांपासून दूर राहण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत तशा हक्काचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. पण हा प्रश्न संसदेच्या दारापर्यंत गेला, हेही थोडके नव्हे. १९०५ साली विजेच्या दिव्याने जो दिवस लांबवला होता, तोच आज खिशातल्या दिव्याने लांबतो आहे. फरक इतकाच, की तेव्हा दिवा गिरणीत राहायचा आणि कामगार घरी यायचा.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेक जण दोन-चार वर्षांत कुठे ना कुठे नोकरीला लागू. काही जण नोकरी देणारेही होतील. तेव्हा एखादी नवी पद्धत टेबलावर येईल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय आपण लावून घेऊ. याने किती वेळ वाचणार? तो वाचलेला वेळ कुणाला मिळणार? आणि ज्याला हे चालवायचे आहे, त्याच्याशी कोण, केव्हा बोलले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांकडे तयार असते. दुसऱ्यावर जरा चुळबुळ होईल. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत आपण बसून राहावे.

आणि गुरुजनांची क्षमा मागून एक गोष्ट आपल्या घरातलीही सांगते. आमचे सर-मॅडम आजकाल शिकवण्यापेक्षा माहिती भरण्यात अधिक दिसतात. कागद वाचावा म्हणून ती माहिती संगणकावर आली, आणि आता ती संगणकावर भरून पुन्हा छापून फायलीलाही लावतात. येत्या जूनमध्ये आपल्या कार्यालयात प्रवेशासाठी नवी संगणकीय व्यवस्था येणार, असे ऐकते. ती जरूर यावी. गेल्या वर्षी आम्ही भर उन्हात तीन तास रांगेत उभ्या होतो, तेव्हा तिची गरज आम्हांला चांगलीच ठाऊक आहे. माझी विनंती एवढीच, की ती विकत घेण्यापूर्वी खिडकीपलीकडे बसणाऱ्या दोन लेखनिकांना आणि दिवसभर रांग आवरणाऱ्या शिपाईमामांना प्राचार्यांनी अर्धा तास बोलावून घ्यावे, चहा द्यावा, आणि तुमचे काम कुठे अडते ते विचारावे.